आकाश निरभ्र राहील

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
गुरुवार, ४ एप्रिल १९९६

तीर्थरूप काकासाहेब दाजींच्या सेवेशी,

तुमचा मेहुणा पुंजाराम याचा कंबर धरल्यामुळे उभ्याउभ्याच केलेला, पण मनातून पुरता वाकलेला नमस्कार. इकडे आम्ही सर्व असायला पाहिजे तसे आहोत, म्हणजे घरात केशरबाई माझ्याशी तीन आठवडे बोललेली नाही आणि बाकीचं गाव जरा जास्तच बोलतं आहे. तुमच्या रक्तातल्या साखरेचं काय म्हणणं आहे? आक्काचे गुडघे जिना चढू देतात का? (आक्काला सांगावं की तिने पाठवलेलं तेल मी रोज कंबरेला लावतो. गुण नाही, पण वास आहे, त्यामुळे वर्गातली पुढची दोन बाकं रिकामी राहतात आणि शिकवायला बरं पडतं.) नवीन जालन्यात ऊन कसं आहे, हे मात्र मी विचारणार नाही. हवामानाबद्दल कुणाला विचारायचं नाही आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं आहे. हे का ठरवावं लागलं, तेवढं कळवण्यासाठी हे पत्र. ते लांबणार आहे, तेव्हा चष्मा लावून, बिनसाखरेचा चहा घेऊन बसावं.

दाजी, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात. तीन वर्षांमागे तुमच्या बियाण्याच्या कंपनीने परतूरकडचा प्रयोगाचा मळा बंद केला, तेव्हा तिथलं हवामानाचं सामान भंगारात निघालं होतं. तुम्ही म्हणालात, पुंजाराम, तू भूगोल शिकवतोस, पोरांना दाखवायला होईल. आणि टेम्पोत घालून ते सगळं माझ्या दारात उतरवलंत. चार पायांवर उभी राहणारी पांढरी, झडपांची लाकडी पेटी, तिच्यात चार थर्मामीटर, पाऊस मोजायचं नळकांडं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. मी शाळेच्या आवारात, एस.टी. स्टँडच्या बाजूला ते उभं केलं. पहिल्याच महिन्यात त्या पेटीत मला दोन आंतरदेशीय पत्रं आणि एक मनीऑर्डरचा फॉर्म सापडला. (पोस्टाची पेटी लाल असते हे लोकांना माहीत होतं, पण ही जास्त सरकारी दिसत होती.) भर मार्चात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, नळकांड्यात तीन दिवस रोज सहा मिलिमीटर पाऊस पडला. तो मी वहीत नोंदवला. मग कळलं की शाळेचा शिपाई जेवण झाल्यावर तिथे चूळ भरून राहिला होता. आणि बाणाला पुस्तकात वातकुक्कुट म्हणतात, हे मी वर्गात सांगून बसलो, तर आठवडाभर अर्धं गाव आवारात येऊन कोंबडा कुठे आहे म्हणून विचारून गेलं.

इथवर थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण मी स्टँडकडच्या भिंतीवर एक फळा टांगला. रोज सकाळी आठ वाजता त्यावर कालचं जास्तीत जास्त तापमान, कमीत कमी तापमान, वाऱ्याची दिशा, आणि खाली माझ्या पदरचा उद्याचा अंदाज. तसा अंदाज रेडिओवरही सांगतात, पण ते म्हणतात, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता. एवढ्या वर्षांत ते तुरळक ठिकाण मला नकाशात सापडलेलं नाही. टेंभुर्णीचं काय ते टेंभुर्णीतच बसून सांगावं लागतं. त्यातही पावसाळ्याचं सोपं आहे, तेव्हा सगळेच वर बघत असतात. खरी कसोटी फाल्गुन-चैत्राची. तेव्हा वर कुणी बघत नाही, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं सगळं उघड्यावर पडलेलं असतं. गहू कापून रानात, ज्वारी खळ्यावर, हरभरा अंगणात, कुरडया गच्चीवर आणि नवरा-नवरी मांडवात.

सुरुवातीला फक्त बायकांनी विश्वास ठेवला. शेजारच्या मालनबाईने एका सकाळी कुरडयांचा चीक शिजवायच्या आधी विचारलं, मी म्हटलं आज नको, दुपारी वावधान सुटेल. तिने ऐकलं. दुपारी असं वारं सुटलं की बाकीच्या गल्लीच्या कुरडया ओढ्यात सापडल्या. त्या दिवसापासून मी हवामान गुरुजी झालो. लोक गावाला जाण्याआधी, खळं करण्याआधी, घर शाकारण्याआधी फळ्यापाशी थांबायला लागले. मला ते चढलं, दाजी, खोटं कशाला बोलू? मी वर बघत चालायला लागलो. एकदा तसाच नाल्यात पडलो, ती ही कंबर. केशरबाई म्हणाली, वरचं समदं कळतं, पायाखालचं कळंना. तेव्हा मी हसलो होतो.

आता रखमाजीविषयी लिहितो. तुम्ही त्याला ओळखत नाही. ओढ्याच्या पलीकडे त्याचं अडीच एकर रान आहे, तो आणि त्याची बायको चतुराबाई दोघंच कसतात. घरी खायचा वर्षाचा गहू त्यातच होतो. रखमाजीला अक्षरओळख नाही. तो रोज रानात जाताना फळ्यापाशी उभा राहायचा, मी दिसेपर्यंत थांबायचा आणि विचारायचा, "गुरुजी, काय म्हणून राह्यलं आज?" मग मी त्याला सगळा फळा वाचून दाखवायचो, अगदी वाऱ्याच्या दिशेसकट. तो टोपी सरळ करून ऐकायचा. दुसऱ्या कुणी वाऱ्याची दिशा कधी ऐकून घेतली नाही. माझ्या वर्गातल्या पोरांनीसुद्धा नाही.

आणि आता अण्णासाहेब. आमची शाळा ज्या संस्थेची, त्या संस्थेचे ते अध्यक्ष. (संस्थेचा सचिव त्यांचा भाऊ आहे आणि खजिनदार मेहुणा. मेहुण्यांचं नशीब असं वेगवेगळं असतं.) आमच्या लेकीचं, बेबीनंदाचं बी.एड. होऊन दोन वर्षं झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत जागा निघाली म्हणून तिचा अर्ज दिवाळीपासून अण्णासाहेबांच्या टेबलाच्या खणात पडून होता. त्यांच्या मुलीचं लग्न मार्चच्या चौदा तारखेला ठरलं. चार हजार पत्रिका, शाळेच्या मैदानावर मांडव, परतूरचे व्याही, औरंगाबादचा बँड.

तेरा तारखेच्या सकाळी मी पेटी उघडली आणि आकडे दोनदा वाचले. एका थर्मामीटरला ओलं फडकं बांधलेलं असतं, एक कोरडा असतो. हवा कोरडी असली की दोघांत खूप अंतर पडतं. आपल्याकडे मार्चात ओठ फुटतात, अंतर बारा-पंधरा अंशांचं असतं. त्या दिवशी ते तीन होतं. कमीत कमी तापमान दोन दिवसांत पाच अंशांनी चढलं होतं. वारा आग्नेयेचा. आदल्या दुपारी पश्चिमेला ढगांचे कोबीसारखे गड्डे मी डोळ्यांनी पाहिले होते. दाजी, तीन वर्षांत मला कधी एवढी खात्री वाटली नव्हती. मी फळ्यावर लिहिलं: उद्या दुपारनंतर वावधान व गारांची शक्यता. कापलेला माल झाकावा. मांडवाचे दोर पक्के करावेत. (शेवटची ओळ लिहायला नको होती. पण माणसाला एकदा बरोबर असल्याची चव लागली की थांबवत नाही.)

अर्ध्या तासात जीप आली. अण्णासाहेब बंगल्याच्या ओट्यावर बसले होते, मागे आचारी बुंदी पाडत होते. मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

"गुरुजी, तुम्ही आमच्या घरचेच," ते म्हणाले. "व्याह्यांचा माणूस स्टँडवर उतरला, तुमचा फळा वाचला अन् थेट माझ्यापुढं आला. म्हणतो, मांडव नको, जालन्याला कार्यालय घ्या. आता या बारीला?"

मी ओल्या फडक्याचं सांगायला गेलो. त्यांनी हात वर केला.

"तुमचा अंदाज चुकतो का न्हाई कधी?"

"चुकतो. पाचात दोनदा चुकतो."

"मंग या बारीला आधीच चुकवून टाका."

आचारीसुद्धा हसले. मीही हसलो असेन, आठवत नाही. मग ते जरा पुढे वाकून हळू म्हणाले, "बेबीनंदाचा अर्ज बघून राह्यलो मी. पोरगी हुशार आहे बिलकुल." बस, एवढंच. धमकी नाही, आवाज नाही, एक शब्द वावगा नाही. पुढ्यात बुंदीची ताटली आली. ती मी खाल्ली. चांगली झाली होती.

परत येऊन मी फळा पुसला. नुसता पुसून कोरा ठेवला असता तरी चाललं असतं, असं मी आजवर स्वतःला शंभरदा सांगून झालं आहे. पण जीप चालू ठेवून अण्णासाहेबांचा ड्रायव्हर मागे उभा होता आणि म्हणाला, कोरा दिसला तर लोक इचारतील गुरुजी. त्याचं बरोबर होतं. मी लिहिलं: आकाश निरभ्र राहील. तीन वर्षांत माझं अक्षर एवढं सुंदर कधी आलं नव्हतं. केशरबाई सकाळी दळण घेऊन जाताना पहिलं वाचून गेली होती, येताना तिने दुसरं वाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पिठाचा डबा डोक्यावर नीट केला आणि गेली. ती शेवटची नजर, तेव्हापासून घरात माझ्याशी बोलतो तो फक्त रेडिओ.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला रखमाजी आला. विळा खांद्याला, अंगावर गव्हाचं कुसळ. दोघांनी दिवसभरात सगळा गहू कापला होता, रानात आडवा पडला होता.

"गुरुजी, सकाळी कोणतरी म्हणत व्हतं, गारा लिवल्यात म्हणून. मी रानात गेल्तो. काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. आकाश निरभ्र राहील.

"मंग पेंढ्या उद्या लग्नाहून आल्यावर बांधल्या तर चालतंय नव्हं? चतुरा म्हणत व्हती, आजच गंजी लावू, वर ताडपत्री टाकू. पर तिची बी कंबर धरली, माझी बी. दोघं बी थकलो."

दाजी, फळ्यावर खोटं लिहिणं वेगळं. तिथे निदान कुणाचं तोंड समोर नसतं. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

"चालेल," मी म्हणालो.

"बरं झालं तुमाला इचारलं," तो म्हणाला आणि गेला.

चौदा तारखेला सकाळी आकाश खरोखरच निरभ्र होतं. दुपारी अडीचपर्यंत माझ्याएवढा सुखी माणूस त्या मांडवात नव्हता, नवरदेव धरून. मला वाटलं, चला, वरचा सुद्धा अण्णासाहेबांच्याच संस्थेत आहे. लग्न लागलं, पहिली पंगत उठली, आणि मी दुसऱ्या पंगतीत भातावर वरण घेत असताना पश्चिमेकडून काळं चढून आलं. वाऱ्याचा पहिला झोत आला तो मांडव उचलूनच. कापडाचं एक पान शाळेच्या छपरावर गेलं, एक स्टँडवर उभ्या एस.टी.वर पसरलं. मग गारा. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. परतूरचे व्याही डोक्यावर परात धरून उकिडवे बसले होते आणि गारा त्या परातीवर अशा वाजत होत्या की औरंगाबादचा बँड फिका पडावा. बँडवाले ढोलात डोकी घालून बसले होते. अण्णासाहेब नवरा-नवरीच्या सोफ्याखाली अर्धे शिरले होते, अर्धे बाहेर होते, आणि बाहेरच्या अर्ध्याला मार बसत होता. मी पातेल्याआड बसून घड्याळ बघत होतो. बारा मिनिटं. सवय, दुसरं काय. तुम्हाला हसू येत असेल तर हसून घ्या, मलाही तेव्हा त्या सोफ्याकडे बघून मनातून बरं वाटलं होतं. मी बरोबर होतो ना!

चतुराबाई मांडवात नव्हती. ढग चढताना दिसला तशी ती ताटावरून उठली होती आणि रानाकडे पळाली होती. रखमाजी पुरुषांच्या पंगतीत होता, त्याला कळलंच नाही. ती ओढा ओलांडून रानात पोचली तेव्हा गारा सुरू झाल्या होत्या. तिने कापलेला गहू ओढून एका जागी आणायला घेतला, ताडपत्री झोपडीतून काढली, आणि वाऱ्याने त्या ताडपत्रीसकट तिला बांधावर आपटलं. रखमाजी आणि आम्ही चार-पाच जण पोचलो तेव्हा ती बांधालगत गव्हावर पालथी पडली होती. उजवा हात मनगटापाशी दोन ठिकाणी मोडलेला, कपाळ फुटलेलं. गहू चिखलात गेला होता, ओंब्या झडून गारांमध्ये मिसळल्या होत्या. ती शुद्धीवर आली ती आधी म्हणाली, अर्धा तरी झाकला का?

यानंतर मला गावाने झोडपलं असतं तर मी ते खाल्लं असतं. पण काय झालं ते ऐका. फळा बदलला हे अण्णासाहेब, त्यांचा ड्रायव्हर, केशरबाई आणि मी, एवढ्यांनाच नीट ठाऊक. ज्यांनी सकाळी पहिलं वाचलं होतं, त्यांना वाटलं, गुरुजींच्या मशीनलाच सकाळी एक दिसतं, दुपारी एक. लोक माझ्यावर चिडले नाहीत, दाजी, लोकांनी माझी कीव केली. मालनबाई म्हणाली, मशीनच ते, बिघडायचंच, तुमचा काय कसूर. आणि अण्णासाहेबांनी पुढच्या सोमवारी शाळेत सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं की असल्या अर्धवट यंत्रांनी लोकांची दिशाभूल होते, गरिबाचं नुकसान होतं, तेव्हा ती पेटी आजच हलवावी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पेटीत आता शिपाई खडू आणि घंटा ठेवतो. तीन वर्षांत एकदाच मी शंभर टक्के अचूक सांगितलं होतं, आणि ते खोडून काढणारा हातही माझाच.

आठ दिवसांनी रखमाजी घरी आला. मला वाटलं, कळलं याला. मी ओट्यावरून उठून उभा राहिलो. तर तो म्हणाला, "गुरुजी, ऐकलं की तुम्ही जेवून न्हाई राह्यले धड. मनाला लावून घेऊ नका. आभाळच हाये ते, त्याला बी मन बदलू वाटतं." माझं समाधान करायला आला होता, दाजी, स्वतःच्या रानातली शेपूची जुडी घेऊन. गारांतून तेवढीच उरली होती. मी तोंड उघडलं. तीनदा उघडलं. प्रत्येक वेळी त्याने मलाच धीर दिला. केशरबाई आतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने शेपूची जुडी उचलली आणि माझ्या ताटात कधी ती भाजी वाढली नाही.

असो. मन मोकळं करायचं होतं, ते केलं. आक्काला, लेकरांना आशीर्वाद. तुम्ही साखर सांभाळावी.

आपला,
पुंजाराम

ता. क. काम असं काही नाही. उगीच आठवण आली म्हणून लिहिलं.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याने ते तुमच्या हातात दिलं, जो आत्ता तुमच्या बैठकीत टोपी मांडीवर ठेवून बसला असेल, तोच रखमाजी. बरोबर चतुराबाई आहे. प्लास्टर तीन आठवड्यांनी जालन्याला दाखवायला सांगितलं आहे, बोटं अजून मिटत नाहीत. दोन दिवस त्यांना ठेवून घ्या, दवाखान्यात बरोबर जा. आणि मग, जेवण झाल्यावर, दोघांना समोर बसवून, तेरा तारखेच्या सकाळी मी पेटी उघडली, तिथपासून पुढचं सगळं त्यांना वाचून दाखवा. तो विचारीलच, गुरुजी काय म्हणून राह्यले. मला जमलं नाही. तुमचा आवाजही माझ्यापेक्षा चांगला आहे.

ता. क. तिसरा. पेढ्यांचा पुडा आक्काला. बेबीनंदाची ऑर्डर परवा आली, जूनपासून हजर व्हायचं आहे. रखमाजी आणि चतुराबाई पत्र न्यायला आले तेव्हा पुडा बघून चतुराबाईनेच बेबीनंदाला जवळ घेतलं, प्लास्टरचा हात बाजूला धरून डाव्या हाताने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. नोकरी लागली, एवढं त्यांना माहीत आहे. वाचताना बुंदीच्या ताटलीपर्यंत याल, तेव्हा अर्जाचं वाक्य वाचायचं की गाळायचं, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर तेवढं गाळा.